दाढी करून येतो

महादेवपुरा, बंगळूर
१६ जून २०२४

ती. बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तुम्ही आम्हाला निरोप द्यायला वेलिंग्टनच्या विमानतळावर आला नाहीत, म्हणून नुसताच नमस्कार. फोन केला की तुम्ही माझा आवाज ऐकून ठेवून देता. अकरा दिवसांत नऊ वेळा ठेवलात. म्हटलं, पत्र लिहावं. पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचाल, कारण चूक सापडेपर्यंत तुम्हाला चैन पडत नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. ‘परदेशात नोकरी धरली म्हणून वडिलांनी मला घराबाहेर काढलं. ती माणसं गेली. बंगळूरला आपलं कोणी उरलेलं नाही. आठ आणि चार वर्षांच्या पोरांना तिकडे नेऊन दाखवणार काय, ट्रॅफिक?’ बाबा, ट्रॅफिक दाखवला. पोरांना फार आवडला. यशू रोज बाल्कनीत बसून रिक्षावाल्यांना हात करतो आणि ते सिग्नल सुटला तरी त्याला हात करत राहतात.

आम्ही एका वर्षासाठी का आलो, ते पुन्हा सांगते, कारण त्या दिवशी तुम्ही मध्येच उठून बागेत गेलात. कृष्णाच्या शाळेत प्रत्येकानं आपल्या कुटुंबाचं झाड काढायचं होतं. डॅनियलच्या बाजूला चौदा पानं आली. आपल्या बाजूला चार : मी, तुम्ही, आई आणि आजी. तुमच्या आईचं नाव कृष्णाबाई होतं, एवढं तिला ठाऊक आहे कारण ते तिला मिळालं; पण त्या पानाच्या आजूबाजूला काहीच नाही. रिकाम्या फांदीवर तिनं मेंढ्या काढल्या. बाईंनी विचारलं, तर म्हणाली, “माझे इंडियातले नातेवाईक.” मला त्या मेंढ्या बघवल्या नाहीत.

इथं फ्लॅट चांगला आहे. डॅनियल वेलिंग्टनच्या वेळेनं काम करतो, त्यामुळे दुपारी मोकळा असतो. खालच्या मजल्यावर पुण्याच्या भार्गवीताई राहतात. त्या दर शनिवारी सोसायटीतल्या मुलांना मराठी शिकवतात. मी अभिमानानं सांगितलं, आमच्या मुलांना येतं मराठी, त्यांच्या आजोबांनी शिकवलंय.

पहिल्याच शनिवारी यशूनं त्यांच्या दिवाणखान्यात चिवडा सांडला. आज्ञाधारक मूल, लगेच म्हणाला, “काकू, पोरके कुठाय?”

“कोण पोरकं, बाळा?”

“पोरके. आमच्या आजोबांकडे दोन आहेत. ते दाराच्या मागे उलटे ठेवतात.”

भार्गवीताईंनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की तुमचे वडील एखादी संस्था चालवतात का. बाबा, झाडूला मराठीत पोरके म्हणत नाहीत. कानडीत म्हणतात. ताटाला तट्टे म्हणत नाहीत, उशीला दिंबू म्हणत नाहीत. आणि डॅनियल गेली बारा वर्षं तुमच्या टेबलावर ‘पुरे’ म्हणायला ‘साकू, साकू’ असं जे मराठी बोलत होता, तेही कानडी निघालं. इथल्या हॉटेलात त्यानं तसं म्हटलं, तर वाढप्यानं त्याला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली. छत्तीस वर्षं तुम्ही मला शुद्ध मराठी म्हणून हे काय शिकवलंत?

काळजी नसावी. तुम्हाला दिलेला शब्द पाळते आहे. तुमच्या जुन्या वस्तीत, बसवनगुडीला, जाणार नाही.

तुमची,
हर्षिता

---

महादेवपुरा
४ ऑगस्ट २०२४

ती. बाबा,

तुमचं उत्तर मिळालं, म्हणजे माझंच पत्र परत मिळालं. लाल शाईत सतरा चुका, खाली ‘सुधारणेस वाव आहे’ आणि सही. ‘बघवल्या नाहीत’ला तुम्ही खूण केलीत, मेंढ्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. कृष्णानं विचारलं, आजोबांनी स्टिकर का नाही लावला?

आता जे लिहिते त्यावर रागवू नका. आम्ही चुकून बसवनगुडीला गेलो. चुकून म्हणजे मेट्रोनं, मॅजेस्टिकला गाडी बदलून, नॅशनल कॉलेजला उतरून. तुमच्या जुन्या पासपोर्टवर पत्ता होता. तो चुकून माझ्याकडे होता.

कोपऱ्यावर एक म्हातारे शिंपी मशीनवर बसलेले दिसले. त्रिविक्रम त्यांचं नाव. आपल्यातलेच, मराठी बोलणारे निघाले. मी विचारलं, “इथं जगतापांचं घर कुठलं? प्रतापराव जगताप. त्र्याऐंशी साली न्यूझीलंडला गेले, ते.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “अय्यो! पळालेला प्रताप?”

“पळाले नाहीत. त्यांना घरातून काढलं होतं.”

“कोणी काढलं, अक्का? साखरपुड्याच्या सकाळी पळाला तो. मी त्याचा कोट शिवला होता. न्यायला आलाच नाही. शेवटी माझ्या मेव्हण्याला घातला, त्याला बाह्या आखूड झाल्या.” मग त्यांनी कात्रीनं दिशा दाखवली. “ते पिवळं गेट. जमना घरीच असेल.”

“जमना कोण?”

आता त्यांनी चष्मा काढूनच ठेवला. “जमनाबाई. त्याची बहीण.”

बाबा, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, रस्त्यावर, एका शिंप्याकडून मला कळलं की मला आत्या आहे.

गेटपाशी गेले तर एक ठेंगणी बाई तुळशीच्या कुंडीतली माती उकरत होती. “यारु बेकू?” म्हणाली, म्हणजे कोण पाहिजे. मी वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं : मी हर्षिता, प्रतापरावांची मुलगी. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर कृष्णावर होती.

“हिचं नाव काय?”

“कृष्णा.”

मातीच्या हातानंच तिनं गेट उघडलं. मग म्हणाली, “चपला बाहेर काढा. जेवलात?”

यशू अगदी तुमच्यासारखं म्हणाला, “स्वल्प.”

तेव्हा ती हसली. “हा त्याचाच.”

आम्हाला तट्ट्यात वाढलं. डॅनियलनं साकू म्हटलं तरी आणखी वाढलं. यशूनं भात सांडला आणि पोरके मागितलं, तर तिनं दाराच्या मागून काढून दिलं. उलटं ठेवलेलं होतं. त्या घरात मी तीन तास बोलले आणि माझी एकही चूक निघाली नाही, बाबा. जन्मात पहिल्यांदा.

तुमच्याबद्दल तिनं निघताना, आम्ही चपला घालत असताना, विचारलं. “जिवंत आहे ना?”

“हो.”

“बी.पी.?”

“आहे.”

“असणारच,” ती म्हणाली आणि गेट लावून घेतलं. मग पुन्हा उघडून म्हणाली, “रविवारी या. लवकर या.”

हर्षिता

---

महादेवपुरा
२२ सप्टेंबर २०२४

बाबा,

हे पत्र लाल शाई लावून परत पाठवू नका. पाठवलंत तर मी उघडणार नाही.

सात रविवार झाले. आत्या स्वतःहून काही सांगत नाही. विचारलं तर सांगते, आणि तेही कांदे चिरताना. म्हणून मी दर रविवारी कांदे घेऊन जाते.

तुम्ही मला जे सांगितलं नाहीत ते असं. फेब्रुवारी १९८३. सभागृह घेतलेलं, दोनशे माणसं बोलावलेली. सकाळी आठ वाजता तुम्ही आत्याला म्हणालात, “अक्का, दाढी करून येतो.” दहा वाजता आजोबांनी न्हाव्याकडे माणूस पाठवला. न्हावी म्हणाला, आलेच नाहीत. उशीखाली चिठ्ठी होती : मला शोधू नका. आजोबा खोलीत जाऊन पडले. तेव्हा सव्वीस वर्षांची आत्या सभागृहाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत राहिली, “साखरपुडा नाही. जेवण आहे. जेवून जा.” दोनशे वेळा.

मे महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं. त्या लोकांनी नाही म्हणून कळवलं. ज्या घरातला मुलगा असा पळतो तिथली मुलगी नको, असं. मी विचारलं, मग पुढे? तर म्हणाली, “पुढे काय, मला नोकरी होती. त्या मुलाला मागे बँकेत बघितलं. रांग मोडून पुढे घुसत होता. गेलं ते बरंच झालं.” ती हसत होती, पण एकच कांदा बराच वेळ चिरत होती.

नोकरी कुठे होती, माहीत आहे ना तुम्हाला? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. एकतीस वर्षं तिनं सगळ्या जगाचे फोन जोडून दिले. शहाऐंशी साली एकदा परदेशातून फोन आला. तिनं ‘हॅलो, बंगळूर’ म्हटलं. पलीकडे कोणी तरी श्वास घेतला आणि म्हणालं, “सॉरी, राँग नंबर.”

“तुला कसं कळलं बाबाच होते ते?”

“सॉरी म्हणताना त्याचा ‘सॉ’ लांबतो. लहानपणी माझी वही फाडली की असंच म्हणायचा.”

“मग तू काय म्हणालीस?”

“ओके सर, म्हटलं.”

मी घरी येऊन रडले. डॅनियलला नीट सांगताही येईना. तो म्हणत होता, पण नंबर बरोबर होता ना?

ज्यांच्याशी तुमचं ठरलं होतं त्या सोयराबाई रोज दुपारी आत्याकडे येतात. दोन गल्ल्या सोडून राहतात, पाच नातवंडं आहेत, आणि दोघी चाळीस वर्षांच्या जिवलग मैत्रिणी आहेत. त्या खास मला बघायला लवकर आल्या. पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाल्या, “तुझ्या बापाला माझं थँक्स सांग. तो पळाला म्हणून मला लाकडाच्या वखारीवाला मिळाला. लाकडासारखाच आहे. ठेवला तिथं राहतो.”

बघा, त्यांनी तुम्हाला कधीच सोडून दिलं. चोवीस वर्षांचा मुलगा लग्नाला घाबरतो, हे मलाही समजतं. घाबरून पळतो, तेही समजतं. पण तुम्ही तुमची लाज लपवायला एक अख्खी बहीण पुसून टाकलीत. मला आत्या होती, बाबा. आई गेली तेव्हा त्या घरात आपण दोघंच भिंतीकडे बघत बसलो होतो. तेव्हाही मला आत्या होती.

हर्षिता

---

बसवनगुडी
२९ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा,

वरचा पत्ता वाचलात ना? तेच लिहायचं होतं. दसऱ्यानंतर आम्ही आत्याच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. भाडेकरू गेला होता. आत्या म्हणाली, वर उगाच उंदीर फिरण्यापेक्षा तुम्ही फिरा.

तुमच्याकडून काही नाही. लाल शाईसुद्धा नाही. शेवटी मी तुमच्या शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, बरे आहेत, रोज फिरायला जातात, फक्त हल्ली पोस्टाची पेटी दिवसातून तीनदा उघडून बघतात. ती सवय पत्र येण्याची वाट बघणाऱ्याची की न येण्याची, ते तुम्हालाच ठाऊक.

पोरांचं सांगते. यशू आता शेजारच्या यल्लव्वाच्या इडलीच्या गाड्यापाशी उभा राहून कानडीत गिऱ्हाइकं बोलावतो. कृष्णा अजूनही शनिवारी भार्गवीताईंच्या वर्गाला जाते. तिथं ‘माझी आजी’ या विषयावर निबंध होता. तिनं ‘माझी अज्जी’ असं लिहून दीड पान आत्यावर लिहिलं. भार्गवीताई म्हणाल्या, अगं ही तुझी आजी नव्हे, आणि शब्दही आजी असा हवा. कृष्णा म्हणाली, “तुम्ही हवं तर लाल शाई लावा. मी आजोबांची नात आहे, मला सवय आहे.” भार्गवीताईंनी दहापैकी नऊ दिले आणि रविवारी स्वतःच आत्याला बघायला आल्या. आता दोघींत ‘चिंच’ आणि ‘हुणसे’ यावरून भांडण चालू आहे आणि दोघींनाही ते संपवायचं नाही.

बाबा, मी रागातच आहे. पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही. काल कृष्णा तुम्हाला पत्र लिहायला बसली होती. आत्या शेजारी शेंगा सोलत होती. कृष्णानं विचारलं, “अज्जी, तुझं काही लिहू?” आत्या नको म्हणाली. मग दोन मूठ शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, “बरं, एक ओळ लिही.” ती ओळ कृष्णाच्या अक्षरात सोबत पाठवते आहे. अक्षर वाईट आहे म्हणून पुन्हा लिहून देते :

दाढी झाली का?

हर्षिता

---

बसवनगुडी
२७ नोव्हेंबर २०२४
(हातोहात)

ती. बाबा,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही, कारण तुम्ही इथून सात मिनिटांवर, बस स्टँडजवळच्या लॉजमध्ये, खोली नंबर चौदात आहात.

टोपी घालून काही उपयोग झाला नाही. परवा शेंगांच्या जत्रेत तुम्ही एका बाईकडून शेंगा घेतल्यात आणि ती आणखी घालायला लागली तेव्हा ‘साकू, साकू’ म्हणालात. मागे त्रिविक्रम उभे होते. ते म्हणतात, तोंड ओळखलं नाही, पण पाठ ओळखली, त्या पाठीचं माप घेतलंय मी. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. सोयराबाई नवी साडी नेसून दोन दिवस आमच्या ओट्यावर बसून आहेत. म्हणतात, चुकवायचं नाही मला.

आत्याला माहीत आहे. सोमवारपासून ती एका माणसाचं जास्त रांधते आणि तुम्ही आला नाहीत की ते डॅनियलला वाढते. तो नाही म्हणू शकत नाही. त्याच्या पँटचं बटण तुटलं, बाबा. त्याची तरी दया करा.

तुम्ही दोन वेळा गेटपर्यंत येऊन परत गेलात, हेही यल्लव्वानं पाहिलं.

माझा राग अजून आहे. तो इथं येऊन ऐका. चिठ्ठी घेऊन कृष्णा आणि यशू आलेत, डॅनियल खाली उभा आहे. तुम्ही बूट घालेपर्यंत यशू तुमच्या पलंगावरून उतरणार नाही, असं त्याला सांगितलंय. तो सांगितलेलं ऐकतो. तुमच्यासारखा नाही.

हर्षिता

---

बसवनगुडी, बंगळूर
१३ जुलै २०२५

चि. हर्षितास,

तुम्ही सर्व वेलिंग्टनला सुखरूप पोहोचल्याचा निरोप मिळाला. फोनवर मला बोलणं जमत नाही हे तू जाणतेसच. कारणही आता जाणतेस. म्हणून लिहितो. आयुष्यात मी तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. याआधी मी फक्त तपासली. चुका आढळल्यास कळवाव्यात.

जानेवारीत त्या सभागृहात जे झालं, तेव्हा तू मागे, यशूला सांभाळत होतीस. तुला दिसलं असेल, ऐकू आलं नसेल. ते तुला माझ्याकडून कळावं.

मी घरी आलो त्या दिवशी अक्कानं मला चपला काढायला सांगितल्या आणि वाढलं. मी माफी मागायला तोंड उघडलं की ती आमटी वाढे. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी तिनं एक कागद पुढे ठेवला. त्या दिवशीच्या दोनशे पाहुण्यांपैकी हयात आणि गावात असलेले, चौसष्ट. म्हणाली, “यांना जेवायला बोलावलंय. तेच सभागृह. मी दोनशे जणांना सांगितलं. तू एवढ्यांना सांग.”

मी म्हणालो, “अक्का, माझं वय झालं.”

ती म्हणाली, “म्हणून चौसष्टच उरलेत.”

तेव्हा मी दारात उभा राहिलो. प्रत्येकाला हात जोडून म्हणायचं होतं, ‘मी पळालो होतो. माझ्या बहिणीचा काही दोष नव्हता. जेवून जा.’ पहिल्या गृहस्थांना मी नुसतंच ‘जेवून जा’ म्हणालो. तिसरे गृहस्थ बहिरे निघाले, त्यांना इतकं ओरडून सांगावं लागलं की रस्त्यावरचा नारळवालाही आत येऊन बघून गेला. त्यानंतर सोपं गेलं. सोयराबाईंनी मला तीनदा म्हणायला लावलं, मागून पुन्हा रांगेत येऊन. त्यांचे यजमान सज्जन आहेत. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही.

लोक हसत होते, ते तू पाहिलंस. काही जण मला धरून रडलेही. मला वाटलं होतं की एवढी वर्षं तिथं कोणी तरी माझ्यावर दात खाऊन बसलं असेल. बहुतेकांना फक्त जेवण आठवत होतं. अक्काचं त्या दारातलं उभं राहणं मात्र सगळ्यांना आठवत होतं.

रांगेत शेवटची अक्का होती. मी म्हणालो, आता तुला काय सांगू? तर म्हणाली, “सगळ्यांना जे सांगितलंस ते.” मी सांगितलं. शब्द तेच होते, पण ‘माझ्या बहिणीचा’च्या जागी ‘तुझा’ म्हणावं लागलं, आणि तिथं मी अडलो. ती थांबून राहिली. घाई केली नाही. ते पूर्ण झाल्यावर मी तिला सांगितलं की शहाऐंशी सालचा फोन माझाच होता.

“माहीत आहे.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“फोन तू केला होतास. बोलायचं तुला होतं.”

हर्षिता, तुझं सप्टेंबरातलं पत्र मी अनेकदा वाचलं. ते पत्र मी परत पाठवलं नाही. त्यात एकही चूक नव्हती. एकदा खोटं सांगितलं की ते निस्तरायला रोज थोडं थोडं सांगावं लागतं. त्यापेक्षा माणसं गेली असं म्हणणं मला सोपं वाटलं. तुझ्या आईलाही मी तेच सांगितलं होतं. तिची माफी मागायची राहिली. तुझी मागतो.

इकडचं क्षेम. तिकीट दोनदा पुढे ढकललं. अक्काचा आणि माझा दिवसातून चार वेळा वाद होतो. ती म्हणते, मी परदेशात राहून आपली भाषा बिघडवली. मी म्हणतो, तिनं इथं राहून बिघडवली. काल मी तिच्या किराणा सामानाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तर तिनं मलाच पिशवी देऊन दुकानात पाठवलं. वरचा मजला तुम्ही गेल्यापासून फार शांत आहे. कृष्णाला म्हणावं, झाड पुन्हा काढ, आता नावं मी सांगतो. आमच्या आजोबांच्या सात भावांपासून सुरुवात करू. कागद मोठा घे.

अक्का स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारते आहे. ही दुसरी हाक. पहिलीही ऐकू आली होती. मुद्दाम उठलो नाही. पुन्हा मारते का, ते पाहत होतो.

आता उठतो.

तुझा,
बाबा